घरचा मोहितो: पुदिना कुटायचा नाही, नुसता दाबायचा

चाफेकळी

मोहितोचं सामान पाचच गोष्टींचं: पांढरी रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा. यातलं काहीही आपल्याकडे दुर्मीळ नाही. तरी घरी केलेला मोहितो बऱ्याचदा गढूळ, कडवट आणि स्ट्रॉमध्ये पानांचे तुकडे अडकणारा होतो. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, पुदिन्यावर हात जड पडतो. या धाग्यात मुख्यतः तेवढंच मांडायचंय, बाकीचं ओघाने येईलच.

पुदिन्याचा वास पानाच्या पोटात नसतो, पानावर असतो. पान उजेडात उलटं धरून भिंगातून पाहा, बारीक चमकते ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. त्या फुटायला बोटाचा दाबही पुरतो, म्हणून तर कुंडीतल्या पुदिन्याला नुसता हात लागला तरी घमघमाट सुटतो. पान फाटेपर्यंत कुटलं की मग आतला हिरवा रस बाहेर येतो. त्याच्याबरोबर कडवटपणा येतो आणि हवा लागून काही मिनिटांत रंग तपकिरीकडे जायला लागतो. चटणीत हे सगळं खपून जातं कारण तिथे मिरची, आलं, मीठ असतं. ग्लासात लपायला जागा नसते.

आता प्रमाण. आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेची कृती अशी आहे: 45 मिली पांढरी रम, 20 मिली लिंबाचा ताजा रस, 2 चमचे साखर, पुदिन्याच्या 6 काड्या आणि वरून सोडा. आपल्या जुडीतल्या काड्या कधी वीतभर लांब, कधी बोटाएवढ्या असतात, म्हणून मी पानं मोजते: आठ-दहा मोठी पानं आत आणि एक टवटवीत शेंडा वर खोचायला. मापाचा पेला घरात नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं झाकण स्वच्छ धुऊन घ्या, त्यावर 5 आणि 10 मिलीच्या रेघा असतात. अंदाजाने रम ओतू नका, मोहितोत अंदाज कायम वरच्या बाजूलाच चुकतो.

उंच, जाड बुडाच्या ग्लासात आधी लिंबाचा रस आणि साखर घालून साखर पूर्ण विरघळवा. मग पानं टाका आणि लाटण्याच्या टोकाने किंवा खलबत्त्याच्या लाकडी बत्त्याने चार-पाच वेळा हलकेच दाबा, दाबताना मनगट थोडंसं फिरवा. पानं अखंड राहिली पाहिजेत, नुसती ओली आणि गडद दिसायला लागली की थांबा. मग रम. मग ग्लास वरपर्यंत बर्फाने भरा. शेवटी फ्रीजमधला गार सोडा ग्लासाच्या कडेने सोडा, साधारण 60 ते 75 मिली, आणि लांब चमचा तळापर्यंत नेऊन पानं एकदाच वर उचलून घ्या. खूप ढवळलं की सोड्याचा जीव जातो.

वर खोचायचा शेंडा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी वाजवायची आणि तो स्ट्रॉच्या अगदी शेजारी लावायचा, म्हणजे घोट घेताना नाक त्याच्यात जातं. पुदिन्याचं निम्मं काम तिथेच होतं. मूळ पेय लिंबू, साखर आणि रम यांचंच आहे, पुदिना आहे तो वासासाठी. हे एकदा पटलं की कुटायचा मोह आपोआप कमी होतो.

हे पेय क्यूबाचं. सोळाव्या शतकातल्या फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीच्या नावावरून 'एल द्राके' म्हणून एक पेय होतं, त्यात उसाची कच्ची, जहाल दारू, लिंबू, साखर आणि पुदिना असे. मोहितो त्यातूनच आला अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडून दिली तरी त्यातलं तर्कशास्त्र पटतं: दारू घशाला झोंबत होती, म्हणून आंबट, गोड आणि सुवास यांची जोड. पुढे एकोणिसाव्या शतकात रम सुधारली. 1862 साली सान्तियागो दे क्यूबामध्ये फाकुंदो बाकार्दी यांनी कारखाना घेतला आणि कोळशातून गाळलेली हलकी रम आणली. रम हलकी झाल्यावर पुदिन्यालाही हात हलका ठेवायला हरकत नव्हती! 1930 च्या दशकात हवानाच्या 'स्लॉपी जोज' बारच्या पुस्तिकेत मोहितो छापलेला सापडतो. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती, 1920 ते 1933, आणि तहानलेले अमेरिकन हवानाला जात. त्याच शहरातलं 1942 सालचं 'ला बोदेगीता देल मेदिओ' आज मोहितोसाठीच ओळखलं जातं.

तुम्ही कसा करता ते लिहा. विशेषतः गडद रम वापरणाऱ्यांनी.

गच्चीवरचा

चाफेकळीताई, तळहातावर टाळी आत्ताच कुंडीतलं पान तोडून करून पाहिली. खरंच फरक आहे.

गडद रमचं म्हणाल तर आमच्या घरी ओल्ड मंक सोडून दुसरी रम नसतेच. वडिलांच्या काळापासून तीच बाटली. मोहितो करून पाहिला, वाईट नव्हता, पण पुदिना कुठेतरी हरवून गेला. रंगही तळ्यातल्या पाण्याचा आला. पांढरी रम आणल्याशिवाय गत्यंतर नाही का?

चाफेकळी

गच्चीवरचा, गत्यंतर आहे. पण मग त्याला मोहितो न म्हणता गडद रमचं वेगळं पेय म्हणून करा. ओल्ड मंक 1954 पासूनची, मुरवलेली, व्हॅनिला आणि जळलेल्या साखरेच्या वासाची. तो वास पुदिन्याला झाकून टाकतो. पानं वाढवून उपयोग होत नाही, कडवटपणाच वाढतो. त्यापेक्षा साखर निम्मी करा, रम 45 वरून 30 मिलीवर आणा, आणि आत पानं न टाकता नुसता मोठा शेंडा वर खोचा. आल्याचा पातळ काप टाकलात तर ओल्ड मंकला तो फार शोभतो.

मुरवलेली रम आणि पुदिना यांचं जमत नाही असं मात्र नाही. ऑड्री सॉन्डर्स या न्यूयॉर्कच्या बारटेंडरने 2001 मध्ये 'ओल्ड क्यूबन' नावाचं पेय केलं, त्यात मुरवलेली रम, पुदिना, लिंबू, अँगोस्टुरा बिटर्स या कडू मसालेदार अर्काचे थेंब आणि सोड्याऐवजी शॅम्पेन असते. तिथे पानं गाळून काढतात, ग्लासात ठेवत नाहीत. हीच युक्ती ओल्ड मंकला लावा: लिंबू, साखर, पानं, रम बर्फाबरोबर झाकणाच्या बरणीत हलवायची, चहाच्या गाळणीने गाळायची आणि मग सोडा.

बत्ता

लेख चांगला आहे पण एका मुद्द्यावर असहमत. साखर आधी विरघळवायची कशाला? दाणेदार साखर आणि पुदिना एकत्र दाबले की साखरेचे दाणे पानावर घासले जातात आणि तेल जास्त निघतं. मी तसाच करतो आणि मला तोच आवडतो. तळाशी थोडी साखर उरते, शेवटचा घोट गोड लागतो. मला त्यात वाईट काही वाटत नाही.

चाफेकळी

बत्ताजी, दाण्यांनी तेल जास्त निघतं हे मान्य. पण दाणे पान खरवडतातही. आणि आपली साखर बरीच जाड असते, थंड लिंबाच्या रसात ती लवकर विरघळत नाही. त्यामुळे पहिले घोट आंबट आणि शेवटचा पाक, असं होतं. तुम्हाला घासूनच करायचं असेल तर बारीक दाण्याची साखर घ्या आणि दाब अजून कमी करा. मी तरी साखर आधी विरघळवण्याच्या बाजूने आहे.

नवशिकी

दोन शंका, कृपया हसू नका.

एक, साखरेऐवजी पिठीसाखर चालेल का? दोन, सोड्याऐवजी स्प्राइट घातलं तर लिंबू आणि साखर दोन्हीचा प्रश्न सुटेल ना? हॉटेलात तर मला वाटतं तेच घालतात.

चाफेकळी

नवशिकी, हसण्यासारखं काहीच नाही, दोन्ही प्रश्न नेमके आहेत.

पिठीसाखर घरी मिक्सरवर काढलेली असेल तर उत्तम, पटकन विरघळते. विकतच्या पिठीसाखरेत कधीकधी गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचं पीठ असतं, त्याने पेय धुरकट होतं. पाकिटावर वाचून घ्या. सगळ्यात सोपा म्हणजे पाक: जेवढी साखर तेवढंच पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम करायचं, उकळायची गरज नाही, तार तर अजिबात नको. गार करून फ्रीजमध्ये ठेवला की दोन आठवडे काळजी नाही. एका ग्लासाला 15 मिली.

स्प्राइटचं म्हणाल तर गोडी तुमच्या हातात राहत नाही. मोहितोची सगळी गंमत लिंबू आणि साखरेच्या तोलात आहे. लिंबू आज आंबट निघालं, उद्या मवाळ निघालं, तर साखर वरखाली करता आली पाहिजे. स्प्राइट घातलं की ती सोय गेली, आणि लिंबाच्या जागी एकाच चवीचा वास येतो. हॉटेलात हिरवं सरबत, स्प्राइट आणि रम एकत्र करून देतात ते मीही पाहिलंय. त्या पैशात घरी दोन ग्लास चांगले होतात. टॉनिक वॉटर मात्र सोडा समजून कोणी ओतू नका, त्यात क्विनाइनचा कडूपणा असतो.

मांडवीकाठ

चाफेकळीबाय, आमच्या गोंयची बाजू मांडतो. मार्च ते मे उर्राक मिळतो तेव्हा मोहितो कोण करतो? उर्राक म्हणजे काजूच्या बोंडाच्या रसाची पहिली धार, फेणीपेक्षा खूप सौम्य. लिंबू, चिमूटभर मीठ, मधे चिरलेली हिरवी मिरची आणि लिम्का. लिम्का मात्र इथे हवंच, स्प्राइटचा वाद वेगळा!

पर्यटकांसाठी हल्ली फेणीचा मोहितो सगळीकडे यादीत असतो. मला विचाराल तर काजू फेणीचा वास एवढा दांडगा की पुदिना बिचारा कोपऱ्यात बसतो. 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते त्या वासाच्या जोरावरच, तो झाकायचा कशाला? माडाची फेणी त्यामानाने मवाळ, तिच्यात पुदिना बरा लागतो. पण आता गोव्यात पांढरी रमही बनायला लागलीय, 'माका झाय' नावाची. मोहितो करायचा तर त्या रमचा करा, आणि उर्राक उर्राकासारखा प्या.

चाफेकळी

मांडवीकाठ बाब, शंभर टक्के सहमत. उर्राकाचा ग्लास पुढे असताना मीही मोहितो मागणार नाही. मिरचीचा मुद्दा मला आवडला, मिरचीही तिथे कुटत नाहीत, मधून चीर देऊन सोडतात. वास आणि किंचित झणका येतो, तिखटाचा मारा होत नाही.

सॅनहोजेकर

इथे कॅलिफोर्नियात पुदिना घेताना एक काळजी घ्यावी लागते. दुकानात 'मिंट' म्हणून कधी पेपरमिंट ठेवतात, कधी स्पिअरमिंट. पेपरमिंटमध्ये मेन्थॉल भरपूर, त्याचा मोहितो केला तर टूथपेस्टची आठवण येते. भारतीय दुकानात पुदिन्याची जुडी मिळते ती बहुधा स्पिअरमिंट असते आणि मोहितोला तीच बरी. पान चुरून वास घ्यायचा, नाकात गार झिणझिण्या आल्या तर परत ठेवायचा.

लिंबांचंही तेच. इथली मोठी हिरवी बिनबियांची पर्शियन लिंबं रसाळ असतात पण वासाला मवाळ. मेक्सिकन दुकानात बारकी की-लाइम मिळतात, ती आपल्या कागदी लिंबाची सख्खी भावंडं. रस काढायला कंटाळा येतो, पण चवीला पर्याय नाही.

चाफेकळी

सॅनहोजेकर, फार मोलाची भर घातलीत. आपल्या पुदिन्याचा वास मुख्यतः कार्वोन या सुगंधी द्रव्याचा, मेन्थॉल त्यात नगण्य. मेन्थॉल तोंडातल्या थंडी ओळखणाऱ्या ग्राहींना चेतवतं म्हणून पेपरमिंटने जीभ बधिरल्यागत होते आणि मग रम-लिंबाची चव कळत नाही. क्यूबात वापरतात तो 'येर्बा बुएना' पुदिनाही सौम्यच.

आणि कागदी लिंबू म्हणजे की-लाइमच. म्हणजे पुण्या-मुंबईच्या भाजीवाल्याकडचं साधं पिवळसर लिंबू क्यूबातल्या छोट्या लिंबाच्या सर्वांत जवळचं, आणि ते आपल्याला कायम हाताशी असतं. एका लिंबातून 10 ते 15 मिली रस निघतो, म्हणजे ग्लासाला दीड ते दोन लिंबं. फ्रीजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवा, ओट्यावर तळहाताने लोळवा, मग कापा. पिळणीत सालीसकट चेपू नका, सालीचा आणि बियांचा कडवटपणा उतरतो. लिंबाच्या फोडी ग्लासात ठेचायची पद्धत ब्राझीलच्या काइपिरिन्या या पेयाची आहे. तिथे ती शोभते, मोहितोत रस वेगळा काढलेलाच बरा.

शून्य_पेग

आम्ही न पिणारे धागे वाचतो पण बोलत नाही. आज बोलतो. रम वगळली की हे नुसतं पुदिना-लिंबू-सोडा सरबत उरतं, काहीतरी कमी असल्यासारखं वाटतं. त्यात काय घालावं?

चाफेकळी

अगदी रास्त प्रश्न. रम काढली की कमी पडतो तो भारदस्तपणा, जिभेवर थोडा वेळ रेंगाळणारी चव. माझ्या मते कोकम हे सर्वांत चांगलं उत्तर. गोड कोकम सरबताचा अर्क 30 मिली, लिंबाचा रस फक्त 5 मिली, वेगळी साखर शून्य, बाकी पुदिना-बर्फ-सोडा तसंच. आगळ वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ते खारट असतं. दोन चमच्यांच्या वर जाऊ नका आणि साखर वाढवा. रंग सुंदर येतो, आणि न पिणाऱ्याच्या हातातला ग्लास बाकीच्यांइतकाच देखणा दिसतो. घरी पाहुणे असले की मला ते महत्त्वाचं वाटतं.

दुसरा मार्ग म्हणजे ताजा उसाचा रस, आलं न घातलेला. रम शेवटी उसाचीच. रस 60 मिली, लिंबू 20, पुदिना, सोडा. मात्र रस काढल्या काढल्या वापरायचा, उसाचा रस फार लवकर काळवंडतो.

ओसरी

बर्फाबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या फ्रीजरमध्ये एका बाजूला सुरमई, दुसऱ्या बाजूला खवलेला नारळ. बर्फाला जो वास लागतो तो सोड्यात लगेच कळतो.

गच्चीवरचा

+१. आमच्याकडे बोंबील.

चाफेकळी

ओसरी, बरं झालं काढलंत. आदल्या रात्री बर्फ झाकणाच्या स्टीलच्या डब्यात लावा, किंवा ट्रेमधला बर्फ गोठल्याबरोबर काढून जाड पिशवीत घट्ट बांधून ठेवा. वास लागतो तो उघडा राहिल्यामुळे. वापरायच्या आधी बर्फ गार पाण्यातून एकदा झरझर धुऊन घेतला तरी वरचा वास जातो.

बर्फ ठेचावा का? आपल्या उन्हाळ्यात मी नको म्हणेन. मे महिन्यात ठेचलेला बर्फ पाच मिनिटांत पाणी होतो आणि ग्लास फिका पडतो. मोठे तुकडे गच्च भरा. अर्धा ग्लास बर्फ घातला तर तो उलट लवकर वितळतो, म्हणून काटकसर नको.

प्रश्नांकित

पुढच्या शनिवारी घरी बारा जण आहेत. प्रत्येकाला ग्लासात पुदिना दाबत बसलो तर मी स्वयंपाकघरातच राहणार. सगळं आधी मोठ्या जगमध्ये करून ठेवता येईल का? आणि एक बाटली पुरेल?

चाफेकळी

प्रश्नांकित, रम, लिंबू आणि पाक आधी करून ठेवता येतं. पुदिना, बर्फ आणि सोडा मात्र आयत्या वेळी.

बारा ग्लासांना रम 540 मिली, म्हणजे 750 च्या एका बाटलीत पहिली फेरी होऊन थोडी उरतेही. लिंबाचा रस 240 मिली, त्याला मध्यम आकाराची वीसेक लिंबं. पाकासाठी 110 ग्रॅम साखर आणि तेवढंच पाणी, त्याचा साधारण 180 मिली पाक होतो. हे तिन्ही एकत्र करून बाटलीत भरून फ्रीजमध्ये. एका ग्लासाला यातलं 80 मिली. लिंबाचा रस त्याच दिवशी संध्याकाळी काढा, आदल्या दिवशीचा नको, चव उतरते.

पुदिन्याच्या दोन जुड्या आणा. निवडून, धुऊन, पाणी झटकून ओलसर पंचात गुंडाळून डब्यात ठेवा. पाहुणे यायच्या आधी दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात सोडलात तर मरगळलेली पानंही उभी राहतात. ग्लासात पानं दाबायला एकाला पाच सेकंदंही लागत नाहीत, हे काम पाहुण्यांपैकी उत्साही माणसाला द्या, पण कुटू देऊ नका! सोड्याच्या 750 मिलीच्या दोन बाटल्या लागतील, दुसरी पहिली संपल्यावरच उघडा.

एक गोष्ट सगळ्यांसाठी. आपल्याकडच्या 42.8 टक्क्यांच्या रमच्या 45 मिलीत साधारण 19 मिली शुद्ध अल्कोहोल असतं. 330 मिलीच्या 5 टक्के बिअरपेक्षा ते थोडं जास्तच. पण गोड-आंबट-गार पेयात ते जाणवत नाही आणि तहानेपोटी दोन ग्लास भराभर संपतात. म्हणून शेजारी साध्या पाण्याचा जग हवा, खायला काहीतरी हवं, आणि गाडी चालवणाऱ्यांसाठी वर लिहिलेला कोकमाचा ग्लास. महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट 25 आहे आणि परवानाही लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळतो, बाटली घेताना मागून घ्या.

प्रश्नांकित

फार आभार, चाफेकळीताई. यादी फ्रीजवर चिकटवली. उरलेल्या काड्यांचं काय करू? टाकवत नाहीत.

गच्चीवरचा

टाकू नका. जाड, निरोगी काड्या घ्या, खालची पानं काढा आणि पेलाभर पाण्यात खिडकीशी ठेवा. आठवड्याभरात मुळं फुटतात. मग पसरट कुंडीत लावा, कारण पुदिना खोल न जाता आडवा पसरतो. सकाळचं ऊन, दुपारची सावली, माती ओलसर. दुसऱ्या कोणत्या झाडाबरोबर एका कुंडीत लावू नका, तो सगळी जागा घेतो. शेंडे खुडत राहिलात तर फुलावर येत नाही आणि पानं मोठी मिळतात. आणि खुडलेला शेंडा कुठे खोचायचा ते ताईंनी वर लिहिलंच आहे.